कोल्हापुरी : एका नावाची मालकी

२२ जून २०२५ रोजी मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने पुढच्या उन्हाळ्यासाठीचे पुरुषांचे कपडे मांडले. मंचावरून चालत गेलेल्या काही तरुणांच्या पायांत जे होते, ते ओळखायला कोल्हापूर, निपाणी किंवा अथणीतल्या कुणालाही चष्मा लावावा लागला नसता. कंपनीने त्याला ‘चामड्याच्या सँडल’ एवढेच म्हटले होते. पाठोपाठ महाराष्ट्रात संताप उसळला. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, पुढाऱ्यांनी पत्रे लिहिली आणि ‘आमच्या मानांकनाची चोरी झाली’ असे वाक्य सर्वतोमुखी झाले.

त्या दिवसांत मी १९९९ चा भौगोलिक निर्देशनाचा कायदा पुन्हा वाचायला घेतला आणि एका जागी अडखळलो. हा कायदा नावाचे रक्षण करतो. एखाद्या मालावर त्याच्या खऱ्या मुलखाखेरीज दुसऱ्याच मुलखाचे नाव घालून गिऱ्हाईक फसवले, तर तो गुन्हा आहे. वस्तूचा घाट, तिची वीण, तिचे रूप यांच्याशी या कायद्याला फारसे कर्तव्य नाही. प्राडाने घाट उचलला आणि नाव तेवढे घेतले नाही. ‘कोल्हापुरी’ म्हणून ती पायताणे भारतात विकली असती तर तिला या कायद्याखाली खेचता आले असते. नाव गाळल्यामुळे लोक चिडले आणि नाव गाळल्यामुळेच कंपनी कायद्याच्या बाहेर राहिली.

या गुंत्याला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. इंग्रजी शब्दाचा साधा अर्थ ‘मुलूख दाखवणारी खूण’ असा आहे. मराठी वर्तमानपत्रांनी त्याचे ‘भौगोलिक मानांकन’ केले. काही ठिकाणी तर ‘निर्देशांक’ छापतात, म्हणजे शेअर बाजाराची आठवण यावी! मानांकन म्हटले की डोळ्यांपुढे मानपत्र येते, शाल-श्रीफळ येते. म्हणूनच पुणेरी पगडीला २००९ मध्ये ही नोंदणी मिळाली तेव्हा पुण्याला पुरस्कार मिळाल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात ही नोंदणी म्हणजे शेताच्या बांधावर रोवलेला दगड असतो. बांध कुणी कोरला तर भांडायला आधार मिळतो, एवढाच त्याचा उपयोग. भांडायचे की नाही, आणि भांडणार कोण, हे दगड सांगत नाही.

ही कल्पना मुळात युरोपातल्या दारूची आणि चीजची. शँपेन हे नाव शँपेन प्रांतातल्या दारूलाच लावायचे, हा फ्रेंचांचा जुना हट्ट. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली, तेव्हा तिच्या बौद्धिक संपदा करारात तो जगाच्या गळ्यात पडला. त्यातही वाइन आणि मद्यांना जास्त कडक संरक्षण देण्यात आले, बाकी मालाला सौम्य. तांदूळ, चहा, लुगडी, पायताणे असला माल असणाऱ्या देशांना हा भेदभाव तेव्हापासून खुपतो आहे.

भारताला जाग आली ती दोन धक्क्यांनी. हळदीने जखम भरते या आजीबाईच्या बटव्यातल्या गोष्टीवर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. त्याच वर्षी टेक्सासमधल्या राइसटेक कंपनीने बासमतीच्या वाणांवर पेटंट मिळवले. त्या वेळी आपल्या वकिलांची अडचण अशी, की बासमतीला भारतातच कायदेशीर ओळख नव्हती. घरात न नोंदवलेल्या मुलासाठी परक्या चावडीवर दाद कशी मागायची? या घाईतून १९९९ चा कायदा झाला. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला, चेन्नईला नोंदणी कार्यालय उघडले आणि पहिला मान दार्जिलिंग चहाला गेला.

आता कोल्हापुरीकडे येतो.

जुनी माणसे कोल्हापुरी असा शब्द क्वचितच वापरत. वहाणा म्हणत, पायताण म्हणत. कारागिरांच्या तोंडी तर आणखी बारीक नावे होती : कापशी, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी. कापशी हे कागल तालुक्यातले गाव, आणि ज्या घाटाची चप्पल तिथे घडली तिला तेच नाव. ‘कोल्हापुरी’ हे नाव माल गावाबाहेर पडल्यावर चिकटते. कोल्हापूरच्या माणसाला कोल्हापुरी म्हणण्याची गरज नसते. ती मुंबईच्या दुकानदाराला असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात शाहू महाराजांच्या राज्यात कातडी कमावण्याच्या धंद्याला उत्तेजन मिळाले, माल मुंबईच्या पेढ्यांवर जाऊ लागला, आणि पेठेने आपल्या सोयीचे नाव ठेवले. पैठणी पैठणची असून येवल्यात विणली जाते, हापूसच्या नावात अफोन्सो द अल्बुकर्क हा पोर्तुगीज दडलेला आहे. तसाच हा प्रकार. नावे व्यापारी ठेवतात, आणि कायदा त्यांच्यावर परंपरेची मोहोर उठवतो.

वस्तू घडते कशी ते पाहिले की नाव किती अपुरे आहे ते कळते. म्हशीचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवायचे. काही ठिकाणी कातड्याचीच पिशवी शिवून, त्यात हे पाणी भरून ती टांगून ठेवत. हे काम दिवसांचे नव्हे, आठवड्यांचे. कमावलेले कातडे मिळाल्यावर तळ कापायचा, टाच चढवायची, दोन बाजूंना कान काढायचे, पट्टा आणि अंगठा बसवायचा. खिळा कुठेच नाही. शिलाईसुद्धा चामड्याच्या वादीने. वरची वेणी आणि नाजूक कलाकुसर बहुतेक घरांतून बायकांच्या हातची.

आणि या प्रत्येक पायरीला एक जात आहे. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेणे महारांच्या माथी, कातडे कमावणे ढोर म्हणजे कक्कय्या समाजाकडे, जोडे शिवणे चर्मकारांकडे. ‘पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले पारंपरिक कौशल्य’ असे शब्द नोंदणीच्या कागदांत शोभून दिसतात. हे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, कारण ते सोडण्याची मुभा नव्हती, हे त्या कागदांत लिहायला रकाना नाही. फ्रान्समधला द्राक्षबागाईतदार आजोबांचा धंदा अभिमानाने सांगतो. कोल्हापूर-बेळगावच्या पट्ट्यात आजोबांचा धंदा सांगण्याने शाळेत वेगळे बसावे लागले आहे. हा फरक लक्षात न घेता युरोपातली कल्पना जशीच्या तशी इथे लावली गेली.

कोल्हापुरीचा इतिहास सांगताना सरकारी टिपणे हल्ली बाराव्या शतकापर्यंत, कल्याणच्या बिज्जल राजापर्यंत आणि बसवण्णांपर्यंत मागे जातात. एवढे मागे गेल्यावर तिथली हरळय्याची कथा मात्र गाळतात. शरण परंपरा सांगते की, हरळय्या आणि त्याची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून बसवण्णांना अर्पण केले, आणि बसवण्णांनी ते पायात न घालता मस्तकी धरले. पुढे हरळय्याच्या मुलाशी ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचा विवाह झाला, त्यापायी दोन्ही बापांना देहदंड मिळाला आणि कल्याण पेटले. कथेचा इतिहास किती हा प्रश्न बाजूला ठेवू. जोडा करणाऱ्याच्या स्मृतीत या धंद्याची पहिली गोष्ट अशी आहे, हे पुरेसे बोलके आहे.

मार्च १९२० मध्ये याच मुलखात, माणगावच्या परिषदेत, शाहू महाराजांनी डॉ. आंबेडकरांकडे बोट दाखवून तुम्हाला तुमचा पुढारी सापडला, अशा अर्थाचे उद्गार काढले. सात वर्षांनी महाडला आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. गुरे ओढण्याचे काम नाकारण्याची चळवळ त्यातून गावोगाव पसरली. म्हणजे एकाच शतकात या धंद्याबाबत दोन स्वप्ने पाहिली गेली. महाराजांना धंदा वाढवून माणूस उभा करायचा होता, बाबासाहेबांना माणूस उभा करण्यासाठी त्याला धंद्याच्या बेडीतून सोडवायचे होते. कारागिराचा मुलगा आज रापी हातात घेत नाही म्हणून ‘कला मरते आहे’ असा गळा काढणाऱ्यांनी ही दुसरी बाजू विसरू नये. त्याला दुसऱ्या स्वप्नाची फळे मिळाली आहेत.

नोंदणी मिळाली ती २०१९ मध्ये, दशकभराच्या कागदी वाटचालीनंतर. तिच्यात आठ जिल्हे आहेत : महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट. सीमाप्रश्नावर ज्या दोन राज्यांचे कधी जमले नाही, ती या एका पायताणात उजवा-डावा होऊन चालली, हे मला मनापासून आवडते. याच काळात बंगाल आणि ओडिशा रसगुल्ल्यावरून भांडत होते आणि शेवटी दोघांनी वेगवेगळ्या नोंदण्या घेतल्या. अथणीच्या कानडी कारागिराने आपल्या मालाला कोल्हापुरी म्हणायला हरकत घेतली नाही, यात व्यवहार असेल. पण समजूतही आहे.

या नोंदणीचे मालक कोण? महाराष्ट्राकडून संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, कर्नाटकाकडून डॉ. बाबू जगजीवनराम यांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ. ही दोन नावे पुन्हा वाचावीत. वस्तूच्या नावाने जी गोष्ट झाकली, ती मालकाच्या रकान्यात आपसूक उघडी पडली आहे. नाव भूगोलाचे, सातबारा जातीच्या इतिहासाचा.

ज्याच्या हातून चप्पल घडते तो कारागीर या कायद्यात ‘अधिकृत वापरकर्ता’ असतो. आपल्या आजाने घडवलेल्या नावाचा वापरकर्ता! त्यासाठी अर्ज भरून चेन्नईला पाठवायचा. त्याचे शुल्क पूर्वी ५०० रुपये होते, २०२० मध्ये ते १० रुपयांवर आणले, हे चांगले झाले. पण सुभाषनगरच्या वस्तीत बसून मला जाणवले की, अडचण शुल्काची नव्हतीच. मालाला ठरलेला व्यापारी आहे, भाव तो ठरवतो, आणि गिऱ्हाईक दाखला मागत नाही. मग दाखला काढायचा कशाला?

मिलानच्या प्रकरणावर काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, नोंदणीकृत मालक स्वतः येऊ शकत असताना तुम्ही कोण? कायद्याच्या भाषेत हे बरोबरच. अधिकृत वापरकर्त्यालाही दाद मागता येते, पण रापीवर पोट असलेला माणूस मिलानच्या कंपनीविरुद्ध उभा राहील, ही कल्पना कायदा करणाऱ्यांनाच सुचू जाणे.

आणि परदेशात दाद मागायची तर कुठे? भारतातली नोंदणी भारतापुरती. दार्जिलिंग चहाने २०११ मध्ये युरोपीय संघात संरक्षण मिळवले, कारण तो शेतमाल. हस्तकलेच्या वस्तूंसाठी युरोपीय संघाचा सामाईक नियमच २०२३ मध्ये झाला आणि तो लागू झाला १ डिसेंबर २०२५ पासून. म्हणजे ती पायताणे मंचावर आली, त्या दिवशी आपली महामंडळे कागदपत्रे घेऊन ब्रसेल्सला गेली असती, तरी तिथे त्यांच्यासाठी दार नव्हते.

खरे उल्लंघन शोधायला मात्र इतक्या लांब जावे लागत नाही. यंत्रावर ठोकलेली, रेक्झिनची, खिळे मारलेली चप्पल ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून मुंबईच्या फुटपाथवर आणि मोबाइलच्या पडद्यावर रोज विकली जाते. कायद्यात त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. तिच्याविरुद्ध मथळे येत नाहीत, कारण ती घेणारे आपणच. स्वस्तातली कोल्हापुरी घेऊन मिलानवर रागावणे सोपे आहे. दुसरीकडे खऱ्या कारागिराचा कच्चा मालही आवळत गेला आहे. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवर बंदी आहे. म्हैस त्या बंदीबाहेर असली, तरी कातडे भरलेली गाडी रस्त्यात अडवणारा माणूस कातड्याची जात विचारत बसत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने दोन्ही महामंडळांशी करार केला : इथल्या कारागिरांकडून २,००० जोड, किंमत जोडाला सुमारे ८०० युरो. काहींनी हा विजय मानला, काहींनी तह. माझ्या मते यात कायद्यापेक्षा लोकांच्या आरडाओरड्याचा वाटा मोठा आहे. वेणी घालणाऱ्या बाईच्या हाती त्यातले किती पडते, ते पाहायला हवे.

मला अधिक कुतूहल आहे ते दुसऱ्याच, कमी गाजलेल्या गोष्टीचे. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्राच्या महामंडळाने चपलेवर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली. मोबाइल धरला की कारागिराचे किंवा बचतगटाचे नाव, जिल्हा, कातडे कुठले, घडवायची रीत कुठली, हे दिसावे अशी योजना. नोंदणीच्या मूळ कागदांत ज्याला जागा नव्हती, त्या माणसाचे नाव पहिल्यांदाच त्याच्या वस्तूबरोबर पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात शिरणार आहे. आडनावासकट की आडनावाशिवाय, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असेल.