बंदराविना मुलूख

यवतमाळच्या पठारावर पडलेला पाऊस पूर्वसमुद्राला जाऊन मिळतो आणि त्याच पठारावर पिकलेला कापूस मात्र दीर्घकाळ पश्चिमसमुद्राच्या वाटेने गेला आहे. अडाण, अरुणावती, पूस ह्या नद्या पैनगंगेच्या खोऱ्यात उतरतात, पैनगंगा वणी तालुक्याच्या टोकाला वर्धेच्या स्वाधीन होते, आणि पुढे प्राणहिता व गोदावरी ह्यांच्या मार्गाने ते सारे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. मुंबईचे बंदर मात्र येथून सहाशे किलोमीटरहून अधिक दूर. दोन्ही समुद्रांना आपली संपत्ती देणाऱ्या आणि स्वतःला एकही बंदर नसलेल्या ह्या मुलखाचा इतिहास वाचताना आफ्रिकेतील ज्या सोळा राष्ट्रांना समुद्रकिनारा लाभलेला नाही त्यांची, आणि विशेषतः चाड, माली व बुर्किना फासो ह्या कापूस पिकविणाऱ्या तीन देशांची आठवण मला वारंवार होते. ते सार्वभौम देश आहेत आणि हा एक जिल्हा आहे, हा भेद मोठा खरा. परंतु माल आपला, वाट दुसऱ्याची आणि भाव तिसऱ्याचा, ही जी त्यांची अवस्था, ती यवतमाळने निदान दोनशे वर्षे भोगलेली आहे.

जुन्या दप्तरांत वऱ्हाडचे दोन भाग सांगितलेले आढळतात : पूर्णेच्या सखल खोऱ्याचा पाईनघाट आणि दक्षिणेकडील डोंगराळ बालाघाट. आजचा यवतमाळ जिल्हा बहुतांशी ह्या बालाघाटात मोडतो. अकबराच्या काळी वऱ्हाडचा सुभा सरकारांत आणि सरकारे महालांत विभागलेली असता कळंब हे एका सरकारचे ठाणे होते. आज चिंतामणीच्या देवळामुळे प्रसिद्ध असलेले हे शांत गाव एके काळी वसुलाचे केंद्र होते, हे तेथे येणाऱ्या भाविकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले ह्यांचा दोअमल वऱ्हाडावर बसला व रयतेला दोन धन्यांचा वसूल भरावा लागला. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, तेव्हा ती नदी दोन राज्यांची सरहद्द झाली. ज्या प्रदेशाला समुद्र नाही त्याला शेजाऱ्याच्या नाक्यावरूनच जावे लागते, आणि नाका म्हटला की जकात आली.

अशा मुलखाचा माल बाहेर नेण्याचे काम बंजाऱ्यांनी केले. बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून जाणारे त्यांचे तांडे मीठ व धान्य घेऊन येत आणि कापूस घेऊन जात; रेल्वेपूर्वीच्या काळात वऱ्हाडचा कापूस ह्याच मार्गाने गंगेकाठच्या मिर्झापूरच्या पेठेपर्यंत पोहोचत असे. न दाबलेली रुई सैल गोण्यांत भरलेली, रोज संध्याकाळी गोणी उतरवायची आणि पहाटे पुन्हा चढवायची, वाटेत धूळ, काटेकुटे आणि अवकाळी पाऊस. तेव्हा पेठेत पोहोचणारा माल शेतातून निघालेल्या मालाहून किती वेगळा असेल, ह्याची कल्पना करणे कठीण नाही. अस्वच्छ म्हणून वऱ्हाडी कापसाची परदेशी व्यापाऱ्यांत जी अपकीर्ती झाली तिचे खापर पुष्कळ वेळा कास्तकाराच्या माथी फोडले गेले. माझ्या मते त्यातला मोठा वाटा वाटेचा होता. विकाजी आणि पेस्तनजी ह्या पारशी व्यापाऱ्यांनी १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईकडे नेण्यास आरंभ केला आणि मालाचे तोंड ईशान्येकडून पश्चिमेकडे वळले. हे गृहस्थ निजाम सरकारचे सावकारही होते, ही गोष्ट विसरता कामा नये. ज्याच्या हाती वाट त्याच्याच हाती कर्जाची वही, ही जोडी ह्या मुलखात तेव्हापासून दिसते.

१८५३ च्या तहाने निजामाने आपल्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर स्थिरावली. १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाडचा स्वतंत्र जिल्हा झाला, तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला आणि १९०५ च्या फेररचनेत पुसद तालुका जोडला जाऊन त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. १८६७ पर्यंत लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला. पण तो पाईनघाटातून गेला. यवतमाळकरांना जवळचे स्टेशन म्हणजे धामणगाव, सुमारे ४५ किलोमीटरवर, आणि तेथवर बैलगाडी. हंगामात त्या सडकेवर गाड्यांच्या रांगा लागत व गाडीवान रात्रीच्या गारव्यात बैल हाकीत.

ह्याच काळात ओसाड पडलेली गावे लागवडीस आणण्यासाठी सरकारने इजाऱ्याने देण्याचे धोरण धरले. जिल्ह्यातील काही गावांच्या नावामागे ‘इजारा’ हा शब्द आजही कागदोपत्री चिकटलेला आहे तो त्या वेळचा. इजारदार आला, जंगल तुटले, पऱ्हाटी उभी राहिली. आणि कोलामांचे पोड व गोंडांचे टोले अधिकाधिक डोंगराच्या अंगाला सरकले. मारेगाव, झरी, घाटंजी, केळापूर ह्या भागांतला कोलाम आपली द्रविड कुळातील भाषा आजही बोलतो, पुसद-उमरखेडकडे आंध लोकांची वस्ती आहे, आणि ज्यांच्या पाठीवर एके काळी ह्या मुलखाचा सारा व्यापार उभा होता ते बंजारे रेल्वेने वाहतूक हिरावून घेताच जमीन धरून शेतकरी झाले. पुसदजवळच्या गहुली येथील अशाच एका घरातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ एवढा दीर्घ काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. जंगल राखीव झाल्याने गवत आणि लाकूड ह्यांवरचा रयतेचा पिढीजात हक्क गेला, ह्याचा सल इतका खोल होता की १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह करायला जेथे समुद्रच नाही तेथे जंगल सत्याग्रह झाला. त्या वर्षीच्या जुलैत वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे ह्यांनी पुसद येथे जंगलचा कायदा मोडला आणि कारावास पत्करला.

यवतमाळला लोहमार्ग मिळाला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, अडीच फूट रुंदीचा, मूर्तिजापूरपर्यंत सुमारे ११३ किलोमीटरचा. किलिक निक्सन ह्या ब्रिटिश पेढीच्या व्यवस्थापनाखालील खासगी कंपनीचा हा मार्ग कारंजा, दारव्हा, लाडखेड अशा कापसाच्या पेठा गुंफीत जाई. लोकांनी त्यास शकुंतला हे नाव दिले आणि त्यावर मनापासून प्रेम केले, ते मीही करतो. मात्र त्या प्रेमापोटी एक गोष्ट झाकली जाऊ नये : हा मार्ग कापूस बाहेर काढण्यासाठी बांधलेला होता, ह्या प्रदेशातील गावे एकमेकांना जोडण्यासाठी नव्हे. १९९४ पर्यंत ह्या गाडीला ओढणारे बाष्पयंत्र मँचेस्टरमध्ये बांधलेले होते, आणि स्वातंत्र्यानंतरही ह्या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडे राहून देशाची रेल्वे तिला मोबदला देत राहिली.

आफ्रिकेतही हाच क्रम दिसतो. चाडमध्ये फ्रेंच अंमलदारांनी १९२० नंतर कापसाची सक्ती केली, गावोगाव लागवड लादली आणि खरेदीचा मक्ता एका कंपनीच्या हाती दिला. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी त्याच्या गठाणी कॅमेरूनमधून दुआला बंदरापर्यंत हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करीतच राहिल्या. २००२ मध्ये कोत दिव्हारमध्ये बंडाळी झाली तेव्हा मालीचा व बुर्किना फासोचा कापूस अबिजानच्या वाटेवर अडला आणि दुसरी बंदरे शोधावी लागली. त्या शेतकऱ्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. पुढच्याच वर्षी ह्या तीन देशांनी बेनिनसह जागतिक व्यापार संघटनेपुढे गाऱ्हाणे मांडले की श्रीमंत देश, त्यांतही अमेरिका, आपल्या कापूस उत्पादकांना अनुदाने देऊन जगातला भाव पाडतात. ते गाऱ्हाणे आमच्या जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या शेतकऱ्याचेही होते. ते त्याच्या वतीने आफ्रिकेतील गरीब राष्ट्रांनी मांडले, ह्याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे. बुर्किना फासोने २००८ मध्ये बीटी कापूस स्वीकारला, आणि धागा आखूड पडून बाजारातली पत जाते असे दिसताच काही वर्षांत तो सोडून दिला. आपल्याकडे २००२ पासून तो आला आणि राहिला.

धाग्याची ही परीक्षा अडत्यांच्या हातात असते. ढिगातून चिमूटभर रुई उचलायची, दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून हलकेच ओढायची, तंतू सरळ करून लांबी अजमावायची आणि तोंडाने एक आकडा बोलायचा. पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभात ठेवून सीतादही केलेली असते, वेचणाऱ्या बायांची बोटे बोंडांच्या काट्यांनी ओरखडलेली असतात, रात्रभर गाडीवर बसून धनी आलेला असतो, आणि त्या साऱ्याचा निकाल ह्या ओढण्यात लागतो. हा निकाल एका अडत्याच्या मर्जीवर राहू नये म्हणून महाराष्ट्राने १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना चालविली. प्रतवारी, चुकारे, केंद्रावरचा मुक्काम ह्यांविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या; तथापि भाव आधी जाहीर होऊन मग माल बाजारात जावा, हे तत्त्व कोरडवाहू कास्तकाराच्या दृष्टीने योग्यच होते आणि ती योजना मोडीत निघाली ह्याचे मला दुःख आहे. १९८६ च्या मार्चमध्ये महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने सामूहिक आत्मघात केला. त्यानंतर ह्या जिल्ह्याचे नाव देशभर घेतले जाऊ लागले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे.

२०११ च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे पावणेअठ्ठावीस लाख वस्तीच्या ह्या जिल्ह्यात वणीकडे कोळसा निघतो, राजूरच्या भट्ट्यांत चुना भाजला जातो, टिपेश्वरच्या सागवनात वाघ आहे. पण उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे कापसाचा हंगाम संपल्यावर, घरात काय उरले ह्याचा हिशेब बहुतेक गावांत आजही कापसावरच होतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड ह्या रुंद मार्गाचा पहिला टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत खुला झाला. तो पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड असा पैनगंगेपलीकडे जावयाचा आहे, आणि तसे झाले तर बालाघाटातील ही गावे प्रथमच एका रुळावर येतील. येथील लोक त्या गाडीकडे आता केवळ गठाणी नेणारी म्हणून पाहत नाहीत. सूतगिरणीचा धागा आणि विणलेले कापड येथूनच तीत चढावे, अशी त्यांची मागणी आहे, आणि ती रास्त आहे.