तार वितळते, आर्क विझत नाही

घरातला फ्यूज उडाला की आपण तार बदलतो आणि विसरतो. ११,००० व्होल्टवर तसं होत नाही. तार वितळली तरी धातूच्या वाफेतून आर्क पेटलेलाच राहतो. गेली सव्वाशे वर्षं फ्यूजवाल्यांचं भांडण या आर्कशीच आहे.

१८९० साली इंग्लंडमध्ये विल्यम मॉर्डी यांनी बंद नळीत बारीक भुकटी भरून त्यात तार ठेवण्याचं पेटंट घेतलं. शिकागोच्या श्वाइट्झर आणि कॉनरॅड यांनी काचेच्या नळीत ताणलेली स्प्रिंग आणि कार्बन टेट्राक्लोराइड भरलं. तार वितळली की स्प्रिंग तिचं टोक द्रवात खेचून घेई. कल्पना झकास, पण द्रव विषारी. इमारतींच्या आत अखेर चांदीची पट्टी आणि क्वार्ट्झची वाळूच टिकली. वाळू वितळून काचेसारखी होते आणि आर्कची उष्णता पिऊन टाकते.

मग ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मर आले. तेल नाही, म्हणून तेलाच्या आगीची भीती नाही; पण उष्णता सोसणारं तेलही नाही. म्हणून फ्यूज निवडताना दोन्हीकडून पेच पडतो.

एका रुग्णालयाच्या तळघरात मी तो पाहिला. १,००० केव्हीए, ११ केव्ही, इम्पिडन्स ५ टक्के. पूर्ण भाराला ५२.५ अँपिअर, म्हणून कुणीतरी ६३ चा फ्यूज बसवला होता. पण चालू करताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर दहा-बारा पट प्रवाह ओढतो. साधारण ६३० अँपिअर, ०.१ सेकंद! फ्यूज उडाला. चिडून १६० चा लावला.

आता दुसरी बाजू बघा. दुय्यम बाजूला तिन्ही फेज शॉर्ट झाले तर प्राथमिकला १,०५० अँपिअर दिसतात. पण डेल्टा-स्टार जोडणीत एकच फेज जमिनीला लागला, तर त्या फेजचं वाइंडिंग तेवढंच भाजतं आणि फ्यूजला मात्र ५८ टक्के, म्हणजे सुमारे ६०६ अँपिअर दिसतात. १६० चा फ्यूज तेवढ्यावर आरामात वाट पाहत बसतो, आणि वर आयसीयू.

आम्ही दोन्ही वक्ररेषा एकाच कागदावर काढल्या आणि १०० वर थांबलो. जमिनीच्या दोषासाठी दुय्यम बाजूला वेगळा रिले घ्यायला लावला. ते काम फ्यूजवर सोडायचं नाही. एक उडाला तरी तिन्ही बदला, हेही सांगितलं, कारण उरलेले दोन आतून अर्धवट भाजलेले असू शकतात. स्टोअरमध्ये जादा फ्यूज किती आहेत, म्हणून विचारलं. एक.