पेटीच्या भात्यावरचे विमान

आमच्या लासुर्ण्याच्या आभाळात विमान घरघरले तर आता पोरेदेखील मान वर करीत नाहीत. बारामतीच्या धावपट्टीवरची शिकाऊ विमाने उसाच्या फडांवरून घिरट्या घालीतच असतात. परंतु २०२२ सालच्या जुलैत त्यांतले एक आमच्याच इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या शिवारात कोसळले. चालवणारी मुलगी किरकोळ दुखापतीवर बचावली. तेव्हापासून माझ्या मास्तरी मनात एकच प्रश्न येतो : हवेत शिकायचे, तर चुकायचे कुठे?

याचे चोख उत्तर दिले ते अमेरिकेतल्या एका पेटीवाल्याच्या मुलाने! एडविन लिंकच्या वडिलांचा बिंगहॅम्टन गावी पियानो-ऑर्गनचा कारखाना होता. नाटकवेड्या मराठी माणसाला ऑर्गनचा भाता काय सांगावा! हवा भरली की फुगतो, काढून घेतली की बसतो. लिंकने असल्याच भात्यांवर एक बुटके विमान बसवले. दांडा हलवला की ते डुले, कले, गिरकी घेई. १९२९ साली हे यंत्र सिद्ध झाले, पण गिऱ्हाइके मिळाली ती बहुतेक जत्रेतल्या खेळवाल्यांसारखी!

१९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम आले. ऐन हिवाळा, धुके, रात्र. क्षितिज दिसेनासे झाले की कानातली तोलाची जाणीव माणसाला फसवते; विमान कललेले असूनही सरळच वाटते. अशा वेळी समोरच्या तबकड्यांवर विसंबावे लागते, आणि तो सराव फार थोड्यांना होता. काही आठवड्यांत दहाबारा जण प्राणांस मुकले. मग लष्कराला ते खेळणे आठवले! सहा यंत्रे विकत घेतली गेली.

दुसऱ्या महायुद्धात हाच निळा डबा दोस्तांच्या विमानदळांत पोचला. शिकाऊ वैमानिकाच्या डोक्यावर टोप बंद होई. बाहेर शिक्षक टेबलाशी बसे आणि तीन चाकांचे एक छोटे यंत्र नकाशावर शाईने त्याचा मार्ग रेखीत जाई. (मास्तर म्हटला की शाई आलीच!) पाच लाखांवर वैमानिक असे शिकले. रेघ डोंगरात घुसली, तरी टोप उघडून पोरगा धडधाकट बाहेर येई.

पुढे खेळ मोठा झाला. लढाऊ वैमानिकाला पहिल्या दहा उड्डाणांतच धोका सर्वांत अधिक, हे व्हिएतनामच्या युद्धात ध्यानी आल्यावर अमेरिकेने १९७५ साली नेवाडाच्या वाळवंटात ‘रेड फ्लॅग’ हे लुटुपुटीचे युद्ध मांडले. ती दहा उड्डाणे तेथेच उरकून घ्यायची. २००८ च्या ऑगस्टात त्या खेळात भारताची सुखोई विमाने उतरली. ती होती आपल्या पुण्याच्या लोहगावची.