न दिसणारा धूर

साखर कारखान्याचें चित्र काढ म्हणून खेड्यांतल्या शाळकरी मुलास सांगितलें, तर तो प्रथम उंच धुराडें काढतो आणि त्यावर काळ्या धुराचा झुबका रंगवितो. इतिहासाच्या अभ्यासकानें त्या मुलास हंसूं नये. कारण कारखान्यानें आकाशाला काय दिलें याविषयीं बहुतेक सुशिक्षितांची समजूतहि तेवढीच आहे. दिसतो तो धूर काजळीचा व राखेचा. तो जवळच्या वस्तीस जाचतो, वाळत घातलेल्या धुण्यावर बसतो, हें खरें. परंतु पृथ्वीचा ताप वाढविणारे हरितगृह वायु डोळ्यांस दिसतच नाहींत. उष्णता अडवून धरण्याचा त्यांचा गुण जॉन टिंडॉल यानें १८५९ सालीं प्रयोगशाळेंत मोजून दाखविला. तें माप हातीं घेऊन आपल्या ऊंसप्रदेशाचा इतिहास वाचूं लागलें, म्हणजे ओळखीच्या वस्तूहि निराळ्या दिसूं लागतात.

आरंभ गुऱ्हाळापासून केला पाहिजे. चरकांतून निघालेला रस काहिलींत ओतावयाचा आणि खालीं चुलवणांत वाळलेलीं चिपाडें जाळून तो आटवावयाचा, ही रीत कोल्हापूरकडे आजहि पाहावयास सांपडते. रसाच्या १०० भागांत सुमारें ८५ भाग पाणीच असतें. तें उडविण्यास लागलेली सारी उष्णता वाफेबरोबर आभाळांत जाते, तिचा पुन्हां उपयोग होत नाहीं. गूळ आणि साखर यांच्या उद्योगांत खरा खर्च उंसाच्या खालोखाल या पाण्याचा आहे.

हा खर्च सर्व ऊंसप्रदेशांना सारखाच पडला होता. अमेरिकेंत लुइझियानांत गुलामांकडून उकळता रस एका उघड्या कढईंतून दुसरींत उपसून घेत, आणि त्या कढयांखालीं लांकडाचे ढीग जळत. तेथल्याच नॉर्बर्ट रिल्यू नांवाच्या, पॅरिसमध्यें शिकलेल्या मिश्रवर्णीय अभियंत्यानें १८४३ सालीं एका यंत्राचें पेटंट घेतलें. एका बंद भांड्यांतून उठलेली वाफ वायां न घालवितां तिनेंच पुढच्या भांड्यांतला रस उकळवावयाचा, आणि त्या भांड्यांत हवेचा दाब कमी ठेवावयाचा, म्हणजे तो रस कमी उष्णतेवरहि उकळतो, ही त्याची युक्ति. अशीं चार भांडीं जोडलीं, तर एक शेर वाफेनें जवळजवळ चार शेर पाणी उडतें. रिल्यूला पृथ्वीच्या तापाची चिंता नव्हती. त्याला जळण वांचवावयाचें होतें. परंतु वांचलेल्या प्रत्येक लांकडाबरोबर हवेंत जाणारा वायुहि वांचला.

आपल्याकडे ही यंत्रसामग्री आली तेव्हां मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. १९३२ सालीं परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि हिंदुस्थानांतील कारखाने थोड्याच वर्षांत अनेक पटींनीं वाढले. पुढें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं लोणीजवळ प्रवरेच्या कांठीं सहकारी कारखाना उभा राहिला, आणि १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें पहिलें गाळप झालें. अशा कारखान्यांत जळणाचा तुटवडा नव्हता. अडचण उलट होती. १०० टन उंसामागें सुमारें ३० टन बगॅस निघे. त्याला गिऱ्हाईक नसे, ढीग कुजत, कधीं पेट घेत. मग काटकसर कशाला? बॉयलर कमी दाबाचे ठेवून बगॅस कसाबसा जाळून संपविणें, हीच सोय झाली. ज्या विद्येनें जळण वांचवावयाचें ती विद्या हातीं असून उधळेपणा शहाणपणाचा ठरला.

या उधळेपणाचा हिशेब करून पाहूं. एक लाख टन ऊंस गाळला, तर ३० हजार टन बगॅस. त्यांत निम्मे पाणी. उरलेल्या १५ हजार टनांत सुमारें ७ हजार टन कार्बन. तो पुरा जळाला तर सुमारें २५ हजार टन कार्बन डायऑक्साइड होतो. आंकडा ऐकून छाती दडपते. परंतु हा वायु त्याच उंसानें आदल्या बारा-अठरा महिन्यांत हवेंतूनच घेतलेला असतो. त्यानें घेतलें तें परत केलें. कोळसा जळतो तेव्हां मात्र कोट्यवधि वर्षांपूर्वीं पुरलेला कार्बन वर येतो. त्याची परतफेड कोणतेंहि पीक एका हंगामांत करीत नाहीं.

तेव्हां धुराड्यावरील आरोप बराचसा सौम्य होतो. खरा गुन्हेगार धुराड्यापासून दूर, कारखान्याच्या मागल्या अंगास होता. मळीपासून मद्यार्क काढतांना एका लिटरमागें ८ ते १५ लिटर तांबूस-काळें सांडपाणी उरतें. त्यास स्पेंटवॉश म्हणतात. तें उघड्या तळ्यांत सांठवीत. शेजारच्या गांवांनीं त्याच्या दुर्गंधीविषयीं आणि विहिरी नासल्याविषयीं तक्रारी केल्या. पण तळाशीं हवेवांचून कुजणाऱ्या त्या पाण्यांतून मिथेन उठे, त्याची तक्रार कोण करणार? मिथेनास रंग नाहीं, वासहि नाहीं. आणि शंभर वर्षांच्या मापानें त्याची ताप वाढविण्याची शक्ति तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २७ पट आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बंद टाक्यांत हा वायु धरून तो बॉयलरखालीं जाळण्याची पद्धत पसरली. याचेंहि पहिलें कारण जळणाची बचत हेंच.

पुढें कारखान्याची वीज विकत घेणारा मिळाला, तेव्हां बगॅसचीहि किंमत वाढली. कमी दाबाचे बॉयलर निघाले, उच्च दाबाचे आले, आणि सहवीजनिर्मिती सुरू झाली. ही प्रगति खरी आहे. परंतु तिच्या पोटांत एक धोका आहे. हंगाम संपतो, बगॅस संपतो, पण वीज विकण्याचा व मद्यार्क गाळण्याचा मोह संपत नाहीं. मग कांहीं ठिकाणीं त्याच बॉयलरांत कोळसा पडतो. धुराडें तेंच, धूर तोच, परंतु आंतला जमाखर्च पार उलटा.

निरनिराळ्या कारखान्यांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका मीं आवडीनें वाचल्या आहेत. गाळप किती, उतारा किती, पोतीं किती, उंसास दर काय, सारें वर्षवार मांडलेलें असतें. चिपाडांचें, तळ्याचें आणि कोळशाचें काय झालें, तें मात्र पुष्कळदां तर्कानें जुळवावें लागतें. हा दोष लिहिणाऱ्यांचा नव्हे. ज्याची किंमत येत नव्हती, त्याची नोंद त्या काळीं कोणीच ठेवीत नसे. पण आज तें कारण उरलें नाहीं. वार्षिक सभेंत उंसाच्या दरावरून तावातावानें बोलणाऱ्या सभासदानें आणखी दोनच प्रश्न विचारावेत: यंदा कोळसा किती टन घेतला, आणि तळ्यांतला वायु धरला कीं सोडला? हीं दोन उत्तरें अहवालांत छापलीं गेलीं, तर पन्नास वर्षांनीं हा इतिहास लिहिणाऱ्यास माझ्यासारखी अटकळ बांधावी लागणार नाहीं. आणि त्याआधींच, पाऊस लांबल्यानें ज्याचा ऊंस वाळतो त्या शेतकऱ्यास आपल्या कारखान्याचा त्यांतला वांटा तरी कळेल.