फ्रान्समध्ये नोकरी करायची आहे? आधी कोणता व्हिसा लागतो ते समजून घ्या

"आधी टुरिस्ट व्हिसावर पॅरिसला या, नोकरी मिळाली की तिथेच वर्क व्हिसा करून घेऊ." असा सल्ला देणारे एजंट आणि रील्स सोशल मीडियावर सहज सापडतात. हा सल्ला महागात पडू शकतो.

शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पर्यटनासाठी मिळालेल्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. ऑफर लेटर हातात पडलं तरी साधारणपणे भारतात परत येऊन लाँग स्टे व्हिसासाठी नव्याने अर्ज करावा लागतो.

फ्रान्सचा 'वर्क व्हिसा' नावाचा एकच व्हिसा नसतो. तुमचा करार कोणाशी आहे, पगार किती आहे आणि पदवी कुठली आहे, यावर व्हिसाचा प्रकार ठरतो. पुढे नवरा किंवा बायको कधी येऊ शकेल आणि त्यांना नोकरी करता येईल का, हेही त्यावरच अवलंबून असतं.

फ्रेंच कंपनीने थेट नोकरी दिली असेल तर?

नेहमीचा मार्ग म्हणजे 'सालारिए', म्हणजे कर्मचारी व्हिसा. कायमस्वरूपी करार असेल तर हा व्हिसा मिळतो. ठराविक मुदतीचा करार असेल तर तात्पुरत्या कामगाराचा वेगळा प्रकार आहे.

दोन्हींसाठी आधी कंपनीला फ्रेंच सरकारकडून तुमच्या नावाने कामाची परवानगी घ्यावी लागते. हा अर्ज कंपनी ऑनलाइन करते. टंचाई असलेल्या व्यवसायांच्या यादीत ती नोकरी नसेल, तर बहुतेक वेळा कंपनीला आधी तीन आठवडे जाहिरात देऊन स्थानिक उमेदवार मिळत नसल्याचं दाखवावं लागतं. त्यामुळे अनेक छोट्या कंपन्या या भानगडीत पडत नाहीत.

परदेशी कर्मचारी घेतल्याबद्दलचा सरकारी करही कंपनीनेच भरायचा असतो. तो कर्मचाऱ्याकडून वसूल करायला फ्रेंच कायद्यात मनाई आहे. "वर्क परमिट काढून देतो, आधी पैसे भरा" असं कोणी म्हणालं, तर तिथेच सावध व्हा.

पगार चांगला असेल तर?

मग 'तालाँ' गटातले परवाने पाहा. आधी यांना 'पासपोर्ट टॅलेंट' म्हणत. हे परवाने चार वर्षांपर्यंत मिळू शकतात आणि कंपनीला कामाची वेगळी परवानगी काढावी लागत नाही.

भारतातून थेट जाणाऱ्या इंजिनिअर किंवा आयटी व्यावसायिकासाठी यातला महत्त्वाचा प्रकार म्हणजे युरोपियन युनियनचं ब्लू कार्ड. त्यासाठी किमान तीन वर्षांचं उच्च शिक्षण किंवा पाच वर्षांचा त्या दर्जाचा अनुभव आणि किमान सहा महिन्यांचा करार लागतो. पगाराची अट कडक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ती वर्षाला ५९,३७३ युरो ठरवण्यात आली. हा आकडा करकपातीपूर्वीच्या पगाराचा आहे.

फ्रान्समध्येच मास्टर्स केलेल्यांना याच गटातला 'कुशल कर्मचारी' परवाना मिळू शकतो. त्याची पगाराची मर्यादा ३९,५८२ युरो आहे. हे आकडे बदलत असतात, म्हणून अर्जाच्या वेळी पुन्हा तपासून घ्या.

भारतातलीच कंपनी पाठवत असेल तर?

पुणे, मुंबईतल्या आयटी आणि वाहन कंपन्यांमधून अनेकजण असे जातात. इथे एकच प्रश्न महत्त्वाचा: करार कोणाशी राहणार?

भारतातल्या कंपनीशी असलेला करार कायम ठेवून त्याच समूहाच्या फ्रान्समधल्या कंपनीत जात असाल, तर 'आयसीटी' हा प्रकार लागू होतो. त्यासाठी समूहात किमान सहा महिने नोकरी झालेली हवी आणि काम वरिष्ठ व्यवस्थापनाचं किंवा तज्ज्ञाचं हवं. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. हा परवाना परत जाण्याच्या हिशोबाने दिलेला असतो. फ्रान्समध्ये स्थायिक व्हायचं असेल तर ते आधीच लक्षात घ्यायला हवं.

समूहातल्या फ्रेंच कंपनीशी स्थानिक करार होणार असेल, तर 'तालाँ' गटातला वेगळा परवाना लागतो.

भारत आणि फ्रान्समधला सामाजिक सुरक्षा करार १ जुलै २०११ पासून लागू आहे. भारतीय करारावर पाठवलेल्या कर्मचाऱ्याला ईपीएफओकडून प्रमाणपत्र घेऊन भारतातला पीएफ चालू ठेवता येतो आणि पेन्शनची वर्गणी दोन्ही देशांत भरावी लागत नाही. निघण्यापूर्वी एचआरकडे हे प्रमाणपत्र मागून घ्या.

शिकायला जाऊन नोकरी करता येते का?

हो. स्टुडंट व्हिसावर वर्षाला ९६४ तासांपर्यंत काम करता येतं, म्हणजे पूर्णवेळ नोकरीच्या ६० टक्के. त्यावर हातखर्च निघेल, पण फी आणि पॅरिसचं घरभाडं दोन्ही भागेल असं गृहीत धरू नका.

खरा फायदा पदवीनंतर होतो. भारत आणि फ्रान्स यांच्यात मार्च २०१८ मध्ये झालेल्या आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू असलेल्या करारानुसार, फ्रान्समध्ये मास्टर्स केलेल्या भारतीयांना नोकरी शोधण्यासाठी १२ महिने मिळतात आणि ते आणखी १२ महिने वाढवता येतात. शिक्षणाशी संबंधित आणि फ्रान्सच्या किमान वेतनाच्या दीडपट पगाराची नोकरी मिळाली, तर स्थानिक उमेदवार मिळत नसल्याचं दाखवण्याची अटही लागत नाही.

कुटुंबाचं काय?

इथे व्हिसाच्या निवडीचा सगळ्यात मोठा फरक पडतो. 'तालाँ' आणि 'आयसीटी' परवान्यावर जोडीदार आणि मुलं सोबत जाऊ शकतात आणि जोडीदाराला नोकरी करायचीही मुभा असते. 'सालारिए' व्हिसावर मात्र कुटुंबाला बोलावण्याचा अर्ज करण्यासाठी आधी १८ महिने फ्रान्समध्ये कायदेशीर वास्तव्य झालेलं असावं लागतं. त्यानंतर घर आणि उत्पन्न तपासलं जातं. ऑफर स्वीकारताना पगाराइतकाच याही गोष्टीचा विचार करा.

हे गैरसमज टाळा

- डिजिटल नोमॅड व्हिसा: फ्रान्समध्ये असा व्हिसा नाही. 'व्हिजिटर' लाँग स्टे व्हिसा घेताना फ्रान्समध्ये काम करणार नाही असं लिहून द्यावं लागतं.
- वर्किंग हॉलिडे व्हिसा: ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान अशा देशांतल्या तरुणांना तो मिळतो. भारत त्या यादीत नाही.
- दुसऱ्या शेंगेन देशाचं वर्क परमिट: पोलंडच्या परमिटवर फ्रान्सला फिरायला जाता येतं, पण तिथल्या कंपनीत नोकरी धरता येत नाही.
- पोर्तुगीज पासपोर्ट: गोव्यातल्या ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आहे, त्यांना युरोपियन युनियनचे नागरिक म्हणून फ्रान्समध्ये नोकरीसाठी व्हिसाच लागत नाही. पण त्यांच्या भारतीय पासपोर्टवरच्या जोडीदाराला हे आपोआप लागू होत नाही.

अर्ज कसा करायचा?

'फ्रान्स व्हिसाज' या सरकारी वेबसाइटवर फॉर्म भरायचा आणि प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करायचा. लाँग स्टे व्हिसाची नेहमीची फी ९९ युरो आहे. कागदपत्रं आणि बोटांचे ठसे व्हीएफएसच्या केंद्रात दिले जातात, पण निर्णय व्हीएफएस घेत नाही. तो फ्रेंच दूतावास किंवा वाणिज्य दूतावासच घेतो.

व्हिसा मिळाल्यावर त्यावर काय लिहिलं आहे ते वाचा. 'व्हीएलएस-टीएस' असेल तर फ्रान्समध्ये पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन नोंदवून शुल्क भरावं लागतं. हे राहिलं तर तुमचं वास्तव्य बेकायदा ठरू शकतं. इतर काहींमध्ये तिथे जाऊन कार्डासाठी अर्ज करावा लागतो.

लांबचा विचार असेल तर फ्रेंच शिकायला आत्ताच सुरुवात करा. १ जानेवारी २०२६ पासून 'सालारिए'सारख्या परवान्यावरून पुढचं अनेक वर्षांचं कार्ड घेताना ए२, तर दहा वर्षांचं रेसिडेंट कार्ड पहिल्यांदा घेताना बी१ पातळीचं फ्रेंच लागतं.

ऑफरवर सही करण्यापूर्वी कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा: व्हिसाचा नेमका प्रकार कोणता, करार कोणत्या कंपनीशी आणि कुटुंब कधी येऊ शकेल. ज्या कंपनीला खरोखर माणूस हवा आहे, ती या तिन्हींची उत्तरं देते.