जप्तीवरील अपील आणि एकशें एकविसावें कलम

सन १९०९ च्या जून महिन्यांत नाशिकच्या सेशन्स कोर्टानें गणेश दामोदर सावरकर यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि तिजबरोबरच त्यांची सर्व मालमत्ता सरकारजमा करण्याचा हुकूम केला. काळ्या पाण्याचें वर्णन आपल्या वाङ्मयांत पुष्कळ झालें आहे. जप्तीविषयीं मात्र क्वचितच कोणी लिहितो, म्हणून आम्ही येथें तिचाच विचार करणार आहों.

अपराध काय, तर कांहीं मराठी कविता प्रसिद्ध केल्या! त्यांवर दंडविधानाचीं दोन कलमें लावण्यांत आलीं. १२४ अ हें राजद्रोहाचें; त्याखालीं जन्मठेपेपासून नुसत्या दंडापर्यंत हवी ती शिक्षा देतां येत असे. १२१ हें राजाविरुद्ध युद्ध करण्याचें किंवा त्यास चिथावणी देण्याचें. तेथें फांशी किंवा जन्मठेप एवढीच निवड, आणि जप्ती तर अपरिहार्य. वास्तविक ६२ व्या कलमाखालीं जप्ती कोर्टाच्या मर्जीवर असे. लांब मुदतीच्या कैद्याचें फक्त उत्पन्नच जाई, व त्यांतून कुटुंबास सरकारच्या इच्छेप्रमाणें पोटगी मिळूं शके. १२१ व्या कलमांत घरच्या माणसांसाठीं एक अक्षरहि नव्हतें.

आज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखालीं (सन २००२) टांच कायम झाल्यास अपिलीय न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत स्वतंत्र दाद मागतां येते, आणि वाद त्या मालमत्तेच्या उगमाचाच असतो. सावरकरांच्या अपिलांत मालमत्तेचा प्रश्नच उद्भवत नव्हता. घर वांचवावयाचें तर कविता म्हणजे युद्धाची चिथावणी नव्हे हेंच सिद्ध करणें भाग होतें. न्या. चंदावरकर व न्या. हीटन यांनीं, देवांच्या व शिवाजीच्या नांवानें चालू राज्याविरुद्ध युद्धाचाच उपदेश यांत आहे असें ठरवून, नोव्हेंबरांत अपील फेटाळलें. चंदावरकर हे १९०० सालच्या लाहोर राष्ट्रसभेचे अध्यक्ष होते, हें वाचकांस आठवत असेल.

आम्हांस विशेष खटकतें तें निराळेंच. राजद्रोह्याची मालमत्ता हरण करण्याची चाल खुद्द इंग्लंडनें १८७० सालीं आपल्या घरीं बंद केली होती. हिंदुस्थानांत ती पुढें अर्धें शतक चालली! अखेर १९२१ च्या सोळाव्या कायद्यानें ६१ व ६२ हीं कलमें रद्द झालीं, आणि १२१ मधील जप्तीच्या जागीं दंड आला. त्याच वर्षीं गणेशपंतांस अंदमानांतून परत आणण्यांत आलें. पण दुरुस्ती पुढच्या खटल्यांपुरती होती, जुनी जप्ती तिनें उठविली नाहीं.