‘३ई ०५’

* ‘३ई ०५’ : इंटेलच्या ८०८५ या ८ बिटांच्या मायक्रोप्रोसेसरला दिलेली ही आज्ञा. ‘ए’ रजिस्टरमध्ये ५ ही संख्या भर, एवढाच तिचा अर्थ. असेंब्ली भाषेत ती ‘एमव्हीआय ए, ०५’ अशी लिहितात. १९७६ साली आलेली ही चिप भारतातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत पुढे कित्येक वर्षे शिकवली गेली आणि रमेश गावकरांचे इंग्रजी पाठ्यपुस्तक पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिले.

प्रयोगशाळेतल्या साध्या किटला मॉनिटर नसे. आज्ञा आधी वहीत लिहायच्या, तक्त्यात प्रत्येकीचा हेक्साडेसिमल कोड शोधायचा, मग कीपॅडवरून एकेक बाइट भरायचा. काम किचकट खरे, पण प्रोसेसर नेमके काय करतो हे इतक्या जवळून क्वचितच कळते.

घोळ व्हायचा तो पत्त्यांत. उत्तर २०५० वर ठेवायचे तर ‘३२ ५० २०’ असे भरावे लागे, कारण ८०८५ पत्त्याचा खालचा बाइट आधी वाचतो. उलट भरले की उत्तर ५०२० कडे रवाना आणि २०५० वर आधीचाच आकडा!

‘डीएए’ ही आज्ञा तर मुद्दाम करून पाहावी अशी. दशमान २८ आणि १४ हे आकडे तसेच भरून बेरीज केली की रजिस्टरमध्ये ३सी दिसते. हेक्साडेसिमलमध्ये एका स्थानावर १६ चिन्हे, दशमानात १०. मधल्या ६ची भर ‘डीएए’ घालते आणि ४२ येतात. – संपा.